सूपभर कोंड्याचे नाव

एकदा एका खाडीच्या मुखाशी वसलेल्या बंदरात एक वृद्ध राहत होते, आणि नावे सुचवणे एवढेच त्यांचे काम होते. कोणाच्या घरी पाळणा हलला की माणसे गूळ-खोबरे घेऊन त्यांच्या ओसरीवर येत, घराण्याची हकिगत सांगत, आणि वृद्ध डोळे मिटून ऐकत. मग ते एखादे नाव असे हळूच उच्चारीत की आलेल्याला वाटे, अरे, हे तर माझ्या मनातच होते! त्या बंदरात अरबांची गलबते येत, हबशांची येत, पूर्वेकडून रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन थोरली जहाजे येत. वृद्धांनी उभ्या आयुष्यात एकही समुद्र ओलांडला नव्हता, तरी पृथ्वीवरच्या कितीतरी लोकांची नावे त्यांच्या ओसरीवर येऊन, पाणी पिऊन, बसून गेली होती.

त्यांचा एक शिष्य होता. तरुण होता, तल्लख होता, आणि अर्थांनी अगदी पछाडलेला होता. कोणाचे नाव कानावर पडले की त्याचा अर्थ सांगितल्यावाचून त्याला राहवत नसे, मग समोरच्याला तो हवा असो वा नसो. खाडीतल्या होडीवाल्याचे नाव दामोदर. त्याला एकदा भर पाण्यात शिष्याने ऐकवले, "दामोदर म्हणजे ज्याच्या पोटाला दोरी बांधली आहे तो." होडीवाल्याने वल्हे क्षणभर थांबवले आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? लंगोट सगळेच बांधतात." शिष्याला मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. नाव म्हणजे त्याचा अर्थ, आणि अर्थ कळला की माणूस कळला, असा त्याचा पक्का समज होता.  वृद्ध यावर नुसते हसत, आणि ते हसणे शिष्याला संमतीच वाटे.

एका सकाळी धुके अजून पाण्यावरून उठले नव्हते, किनाऱ्यावरची गलबते अर्धी दिसत होती आणि अर्धी आहेत असे मानून घ्यावी लागत होती, अशा वेळी बंदरातला एक मोठा व्यापारी ओसरीवर आला. याच्या नुसत्या खाकरण्याने धक्क्यावरचे हमाल धावत. पण आज तो पायरीवरच बसला आणि डोक्यावरचे पागोटे काढून त्याने मांडीवर घेतले.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझ्या आईनं ओ देणं सोडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हाक मारली तरी बघतच नाही हो. मी आई म्हणतो, सुना सासूबाई म्हणतात, नातवंडं आजी आजी करून गळ्यात पडतात. ती आपली खिडकीबाहेर बघत बसलेली. वाटलं कान गेले. वैद्यबुवांनी तिच्या पाठीमागे ताटली पाडली, तर दचकली की! कान शाबूत आहेत. पण हाक म्हणून ऐकतच नाही. जेवण पेजेवर आलंय, तीही दोन घोट." त्याने पागोट्याचे टोक उगाच पिळले. "वैद्य म्हणाले, जिवानं इकडे पाठ फिरवली आहे, आता फार दिवस धरू नका. गुरुजी, बापामागं तिनं एकटीनं मला वाढवलं. तिच्यावाचून त्या घरात मी कसा राहू?"

 व्यापाऱ्याने डोळे पुसले आणि पुढे सरकून हळू आवाजात, कोणी ऐकू नये असा बोलू लागला.

"माझ्याकडून मिरी नेणारा एक परदेशी आहे. तो सांगतो, त्याच्या लोकांत माणूस मरणाच्या दारी गेला की त्याचं नाव बदलतात. यमदूत जुनं नाव विचारत येतो, त्या नावाचं कोणी सापडत नाही, आणि तो बिचारा परत जातो. मला तेवढा एकच उपाय दिसतोय. माझ्या आईला नवं नाव द्या. दीर्घायुष्य असा ज्याचा अर्थ होईल, असं द्या."

शिष्याचा चेहरा उजळला. हा तर त्याच्याच अंगणातला प्रश्न. "आयुष्मती!" तो म्हणाला. "किंवा अक्षया, म्हणजे जिला क्षय नाही ती. अमृतवल्लीही शोभेल. आणि अरबांमध्ये आयेशा म्हणतात, म्हणजे जिवंत असलेली. पण आपल्याकडे आयुष्मतीच बरं, उच्चारालाही भारदस्त आहे."

"आयुष्मती," व्यापाऱ्याने पुटपुटून पाहिले. त्याला ते आवडल्याचे दिसले.

"थांबा जरा," वृद्ध म्हणाले. "त्यांचं आत्ताचं नाव काय?"

"राजलक्ष्मी."

"सुंदर. आणि त्याआधीचं?"

"त्याआधीचं म्हणजे?"

"राजलक्ष्मी हे तुमच्या घरानं दिलेलं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं असेल. माहेरी त्यांना काय म्हणत?"

व्यापारी आठवू लागला. त्याला आपल्या एकूण एक गलबतांची नावे ठाऊक होती, त्यांवरच्या तांडेलांची ठाऊक होती, एवढेच काय, तांडेलांच्या पोरांचीही ठाऊक होती. कपाळावर घाम डवरला तरी हे एक नाव काही त्याला आठवेना, आणि मग त्याच्या ध्यानात आले की ते आठवणार कसे, आपण ते कधी ऐकलेलेच नाही.

"अहो, आई म्हणजे आई," तो अखेर ओशाळून म्हणाला. "तिला आणखी कशाला नाव लागतं?"

त्याने घरी जाऊन विचारपूस केली. वडील कधीच निवर्तलेले, लग्न लावणारे भटजीही गेलेले. सुनांना विचारले तर त्या एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण त्या घरात त्यांचीही तीच कथा होती. माहेरचे गाव कोणते, तेवढे मात्र कळले. खाडीच्या पार वरच्या टोकाला, जिथे पाणी गोडे होऊ लागते, तिथे ते गाव होते. एवढे कळवायला तो पुन्हा ओसरीवर आला.

"राजलक्ष्मीबाईंनाच विचारलं तर?" शिष्य म्हणाला.

"शहाणा आहेस," वृद्ध म्हणाले. "त्या उत्तर देत असत्या तर शेठ इथं कशाला आले असते? तू जा. ते नाव घेऊन ये."

"आणि अर्थ?"

"अर्थ तुला उचलून आणता यायचा नाही. नाव आणलंस तरी पुष्कळ झालं."

शिष्याला हे बोलणे जरा लागले, पण तो निघाला. होडी भरतीबरोबर वर सरकू लागली. दोन्ही काठांना खारफुटीची दाट झाडी, तिच्यात पांढरे बगळे निश्चल उभे, आणि पाण्याचा रंग हळूहळू हिरव्यातून मातकट, मातकटातून काळसर होत चाललेला. वल्ह्याच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नव्हता. शिष्याला वाटू लागले की आपण पाण्यावरून जातच नाही आहोत, त्या म्हातारीच्या आयुष्यातून मागे मागे जात आहोत. आता म्हातारी प्रौढ झाली असेल, आता नवी नवरी, आता परकरातली पोर, आणि वरच्या टोकाला पोहोचलो की पाळण्यात हातपाय हलवत पडलेली सापडेल. त्याच्या डोळ्यांवर सुखद झापड आली. मनात म्हणाला, नाव खास मोठे असणार. कदाचित नदीचे असेल, कदाचित नक्षत्राचे. एवढ्या मानाच्या स्त्रीच्या जन्माला कोणीतरी आकाशाकडे पाहिलेच असेल.

गावात मात्र त्याची झोप चांगलीच उडाली. माहेरच्या घराच्या जागी नारळीची बाग उभी होती. भाऊबंद पोटापाण्यासाठी केव्हाच दूर गेले होते. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या, त्यांना त्याने विचारले, तर त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अहो, आम्ही इथल्या सुना," त्यांतली एक म्हणाली. "इथल्या लेकींचं आम्हाला काय ठाऊक? त्या आपापल्या सासरी गेल्या, आणि आम्ही आमची गावं सोडून इथं आलो."

"मग इथल्या लेकींची नावं कोणाला ठाऊक असतील?"

"त्या लेकींनाच," दुसरी म्हणाली, आणि हसणे एकदम थांबले. तिने घागर काठावर ठेवली. मग म्हणाली, "आनशीआजीकडे जा. एकुलती एक होती, म्हणून तिच्या बापानं जावई घरात आणला. या गावची लेक होऊन या गावात म्हातारी झालेली ती एकटीच. पण जपून बोला हो, तोंडाची तिखट आहे."

आनशीआजी अंगणात सुपात तांदूळ घेऊन पाखडत बसली होती. वय एवढे झालेले की पाठ सुपावर वाकली होती, पण हात सराईत चालत होते. शिष्याने नमस्कार केला, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "आनशी! हे नाव कशावरून आलं?"

"कशावरून म्हणजे? माझ्या आजीवरून," ती म्हणाली. "आणि तू कोण रे, आल्या आल्या माझ्या नावाची चौकशी करणारा?"

शिष्याने सगळी हकिगत सांगितली. बागेच्या जागी जे घर होते त्या घरची लेक, बंदरात दिलेली, व्यापाऱ्याची आई. आनशीआजीचे हात सुपावर थांबले.

"कोंडी?" ती म्हणाली. "कोंडी आहे अजून?"

"कोंडी?" शिष्याने विचारले. त्याच्या मनातली नदी, नक्षत्रे सगळी धडाधड खाली आली. "कोंडी म्हणजे... कोंड्यावरून?"

"मग काय सोन्यावरून? अरे, तिच्या आईची आधीची पोरं वाचतच नव्हती. ही झाली, तशी सुइणीनं सांगितलं, ही तुझी म्हणू नकोस, देऊन टाक कोणाला. म्हणून तिनं कुंपणावरून पोर माझ्या आईच्या हातात दिली. आणि मग सूपभर कोंडा देऊन तिनंच परत विकत घेतली. कोंड्याची पोर! हिच्यावर कोण डोळा ठेवणार?" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मी केवढी होते, परकरात. मला वाटलं, आपल्याला बहीण आली. मी मांडीवर घेतली न घेतली तोच आईनं परत दिली की! तो कोंडा आमच्या गाईनं खाल्ला. मी दिवसभर रडले, जेवले नाही. म्हटलं, आमचा कोंडा परत द्या नि माझी बहीण परत आणा... कशी आहे रे ती?"

"बोलत नाहीत. आजारी आहेत."

"मग तिला घेऊन नाही का यायचं इकडे, मेल्या?"

शिष्य उठला. ओहोटी संपायच्या आत परतायचे होते. आनशीआजी मागून काहीतरी ओरडत होती, पण तो पुरता हिरमुसला होता आणि त्याने मागे पाहिले नाही.

बंदरात परतल्यावर तो सरळ व्यापाऱ्याच्या घरी गेला. वृद्ध तिथेच म्हातारीच्या खोलीत, जरा लांब, भिंतीला टेकून बसले होते. शिष्य म्हातारीसमोर गेला, हात जोडले, आणि त्या नावाला जमेल तेवढे सावरून, नेटके करून, आदराने उच्चारले, "कोंडाबाई." म्हातारीच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. शिष्याने पुन्हा म्हटले, वर नावाची उत्पत्तीही थोडक्यात सांगितली. बाहेर एक गलबत शीड सोडत होते, ती ते पाहत राहिली.

व्यापारी मात्र दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा लाल झाला.

"कोंडा?" तो म्हणाला. "माझ्या आईचं नाव कोंडा? बंदरात ऐकलं तर लोक काय म्हणतील? माझ्या वाडवडिलांनी ते पुसून टाकलं ते बरंच केलं! गुरुजी, पुरे झालं हे. उद्या माणसं बोलावतो, आयुष्मती नाव ठेवून घेऊ."

"ठेवू या," वृद्ध शांतपणे म्हणाले. "पण बारसं करायचं तर रीतीनं करू. नाव ठेवायचा मान ज्याचा असेल त्याला मी घेऊन येतो. तुम्ही तयारी करा."

वाटेत शिष्याने आनशीआजीची सगळी हकिगत सांगितली. वृद्धांनी एवढेच विचारले, "त्या बाई ते नाव कसं म्हणाल्या?"

"कोंडी म्हणाल्या. तेही ओरडून. मी जरा सभ्य केलं."

"केलंस खरं," वृद्ध म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते स्वतः होडीत बसून वर गेले. इकडे व्यापाऱ्याच्या घरी रांगोळ्या पडल्या, घुगऱ्या शिजल्या, आप्तेष्ट जमले. म्हाताऱ्या बाईचे बारसे म्हणून काहीजण गालात हसत होते, पण शेठचा चेहरा पाहून हसू गिळत होते. राजलक्ष्मीबाईंना नवे लुगडे नेसवून पाटावर बसवले होते. त्या कोणाकडेही पाहत नव्हत्या.

ऊन डोक्यावर आले तेव्हा वृद्ध आले. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बंदरभर ज्यांना माणसे वाकून नमस्कार करीत, ते गुरुजी डोक्यावर कोंड्याने भरलेले सूप घेऊन दारातून आत येत होते. कोंडा वाऱ्याने उडून त्यांच्या दाढीत बसला होता, खांद्यांवर पसरला होता. मागून एक वाकलेली म्हातारी काठी आपटत, धापा टाकत येत होती आणि अखंड बोलत होती.

"एवढ्या पायऱ्या कशाला बांधतात मेले! चढायला माणसं ठेवलीत की माकडं?"

"गुरुजी, हे काय!" व्यापारी धावला. "इथं पाहुणे आहेत! हे सूप... मी तुमच्याकडे दीर्घायुष्य मागितलं, आणि तुम्ही माझ्या आईपुढे कोंडा आणता?"

वृद्धांनी त्याला हाताने बाजूला केले, सूप राजलक्ष्मीबाईंच्या समोर जमिनीवर ठेवले आणि मागे सरले. आनशीआजी पुढे झाली. तिने काठी टाकून दिली, कमरेवर हात ठेवले, आणि पाटावरच्या भरजरी लुगड्यातल्या त्या म्हातारीवर अशी ओरडली की माळ्यावरची कबुतरे उडाली.

"ए कोंडे! ऊठ! हा घे तुझा कोंडा, मी माझी बहीण न्यायला आलेय. आमच्या गाईनं खाल्लेला तुला परत केला, आता कोणाचं देणं नाही नि घेणं नाही. अशी बसून राहून मरायचा विचार आहे होय गं तुझा? मला न विचारता?"

 शिष्याने शरमेने मान खाली घातली. एवढ्या मानाच्या स्त्रीला अशी हाक!

पाटावरच्या म्हातारीचे ओठ हलले. मान वळली. खूप लांबून, कुठल्यातरी झाडीतून वाट काढत यावी तशी तिची नजर आली आणि समोरच्या वाकलेल्या आकृतीवर थांबली.

"ओ," ती म्हणाली. मग, घसा साफ करून, "ओरडतेस कशाला गं? बहिरी आहे का मी?"

आनशीआजी मटकन खाली बसली आणि तिने कोंडीचे तोंड दोन्ही हातांत धरले. "म्हातारी झालीस गं," ती म्हणाली, आणि दोघी रडू लागल्या. कोंडा त्यांच्या लुगड्यांना लागला, दोघींच्या हातांना लागला, कोणी तो झटकला नाही. थोड्या वेळाने पाहुण्यांनी ऐकले की राजलक्ष्मीबाई घुगऱ्या मागत आहेत, आणि आनशीआजी त्यांना दटावते आहे, "आधी पेज घे. दात किती राहिलेत ते मोज, मग घुगऱ्या."

बाहेर ओसरीवर व्यापारी खांबाला धरून उभा होता. वृद्धही तिथेच येऊन बसले होते. शिष्य त्यांच्याजवळ आला.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "मी तेच नाव घेतलं होतं. आदरानं घेतलं. मला का ओ दिली नाही?"

वृद्ध दाढीतला कोंडा झटकत होते. त्यांनी दोघांनाही शेजारी बसवले.

"शेठ, तुम्ही माझ्याकडे दीर्घायुष्याचं नाव मागितलंत. तुमच्या आईपाशी ते जन्मापासून होतं. पोर हातातून जाऊ नये म्हणून एक आई तिचं मोल सूपभर कोंड्यावर आणते, म्हणजे तिला केवढी भीती वाटत असेल! तोंडानं कोंडी म्हणायचं, आणि मनातून म्हणायचं, राहा गं बाई, जाऊ नकोस. पूर्वेकडचे खलाशी सांगतात, त्यांच्याकडे लाडक्या मुलाला कुत्रा म्हणतात. भीती तीच. कुठे मुलाला वाराचं नाव देतात, कुठे गेलेल्या आजोबाचं. पाळण्यापाशी उभ्या असलेल्या माणसांना त्या दिवशी जे हवं होतं किंवा ज्याचं भय होतं, ते नावात उतरतं. राजलक्ष्मी हे देखील चांगलंच नाव आहे, पण ते मागणारं नाव आहे. घरात लक्ष्मी यावी म्हणून ठेवलेलं. तिनं ती आणली. मग आई म्हणून, सासूबाई म्हणून, आजी म्हणून ज्यानं ज्यानं हाक मारली, त्याला काहीतरी हवं होतं, आणि तिनं तेही दिलं. आता हात रिकामे झाले. कशाला ओ द्यायची? आनशीबाईंना तिच्याकडून काहीच नको होतं. ती असावी, एवढंच हवं होतं." ते शिष्याकडे वळले. "तू नाव बरोबर घेतलंस बाळा. पण ती गेली तर तुझं काय जाणार होतं?"

 इतकी वर्षे शिष्य अर्थ सांगत आला होता, आणि ही गोष्ट त्याने एकाही नावात कधी पाहिली नव्हती. त्याला वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्यातच काहीतरी शांत शांत होत गेले.

"माझं जाणार होतं," व्यापारी एकदम म्हणाला.  "गुरुजी, मलाही भीती वाटते. आई जाईल याची लहान पोरासारखी भीती वाटते मला. आनशीबाईंना वाटते तेवढीच."

"ते तिला सांगितलंत?"

"वैद्य आणले. काढे आणले. परदेशातून केशर मागवलं."

"ते पोहोचलं," वृद्ध म्हणाले. "हे राहिलं."

व्यापारी उठला. शिष्य दारापर्यंत त्याच्यामागे गेला आणि तिथेच थांबला. दोघी म्हाताऱ्या खिडकीशी बसल्या होत्या. आनशीआजीला बोलता बोलता डुलकी लागली होती. पाण्यावरून येणारा उजेड छतावर हलत होता, त्यामुळे सगळी खोलीच गलबतासारखी सावकाश डोलते आहे असे वाटत होते. व्यापारी आईच्या पायाशी जमिनीवर बसला. 

"आई," तो म्हणाला.

"ओ."

त्याला हुंदका फुटला. ती वाकून त्याच्याकडे पाहत राहिली.

"काय हवंय रे?"

"काही नको."

"मग हाक कशाला मारलीस?"

"नुसतीच," तो म्हणाला. "तू आहेस ना, ते बघायला. जाऊ नकोस इतक्यात."

 म्हातारीने त्याच्या केसांत हात घातला, आणि आनशीची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरं. मार पुन्हा."

आपल्याही घरात ज्याला आपण रोज काही ना काही मागण्यासाठी हाक मारतो, त्याला आज एकदा नुसतीच हाक मारून पाहावी.